बेटाचे घड्याळ

अंदमानला जाणाऱ्या कुटुंबाने विमानातून उतरताच एक छोटासा हिशेब करावा. भारतभर प्रमाणवेळ एकच असली, तरी सूर्य काही त्या वेळेने चालत नाही. मुंबई ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर अंदमान सुमारे ९२.७ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे मुंबईच्या मानाने तेथला सूर्य जवळजवळ ८० मिनिटे आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी मावळतो. डिसेंबरमध्ये मुंबईकर संध्याकाळचा चहा घेत असतात, त्या पाच-सव्वापाचच्या सुमारास अंदमानात सूर्यास्त झालेला असतो. सूर्य माथ्यावर येण्याची वेळही मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावरची, तर तेथे सव्वाअकराच्या आसपासची.

हा फरक वरवर किरकोळ वाटेल. परंतु बेटावरची सहल विश्रांतीची होणार की दगदगीची, आणि बऱ्याच अंशी ती सुरक्षित होणार की नाही, हे त्यावर अवलंबून असते. घरच्या सवयीने आठला उठून, नाश्ता आटोपून दहा वाजता किनाऱ्यावर पोहोचणारे कुटुंब नेमके सर्वांत प्रखर उन्हात पाण्यात उतरते. दुपारची झोप काढून साडेपाचला समुद्र पाहण्यास निघावे, तर किनाऱ्यावर अंधार भेटतो. सूर्याबरोबर तेथे दुसरेही एक घड्याळ चालते, ते भरती-ओहोटीचे. या दोन घड्याळांशी जुळवून घेतले, की अंदमान आपल्याला काय दाखवते आणि ते कसे पाहावे, याचाच हा थोडा विचार.

पहाटेचे पाणी

अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून तिचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे. तेथून जलद बोटीने साधारण दीड ते अडीच तासांत स्वराजद्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक बेट येते. या बेटाचा पूर्वेकडचा काळापत्थर किनारा सूर्योदयाचा, तर पश्चिमेकडचा राधानगर किनारा सूर्यास्ताचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय साधारण सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान होतो, तर एप्रिल-मेमध्ये पाचच्या सुमारासच. त्यामुळे रात्री नऊला अंथरूण धरावे आणि पहाटे उठून किनारा गाठावा, हेच तेथले नैसर्गिक वेळापत्रक. पहाटेचा कोवळा प्रकाश डोळ्यांवर पडला, की शरीराचे आंतरिक घड्याळ लवकर जुळते आणि रात्रीची झोपही आपोआप लवकर येते.

पोहणे, वाळूत खेळणे, चालणे हे सर्व सकाळी नऊच्या आत उरकावे. आपल्याकडे ‘अकरा ते चार ऊन टाळा’ असे सांगितले जाते. तेथे ती वेळ साधारण नऊ ते दोन अशी अलीकडे ओढून घ्यावी. ढगाळ दिवशीही अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात. पांढरी वाळू आणि पाणी त्यातले काही परावर्तित करतात. म्हणून छत्रीखाली बसलेल्या माणसाचीही त्वचा भाजते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि गॉगल हे कोणत्याही मलमापेक्षा भरवशाचे. उघड्या राहणाऱ्या भागांना सनस्क्रीन लावायचे असेल, तर झिंक ऑक्साइडवर आधारलेले निवडावे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायने प्रवाळांना घातक ठरत असल्याने हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

मधुमेही ज्येष्ठांसाठी एक विशेष सूचना. पायाच्या संवेदना मंदावल्या असतील, तर तापलेल्या वाळूचा चटका जाणवत नाही आणि फोड आल्याचे संध्याकाळी लक्षात येते. शिंपल्याच्या धारदार कडेने झालेली जखमही अशीच नकळत राहून जाते. म्हणून अनवाणी चालण्याचा मोह टाळून पूर्ण पाऊल झाकणारी हलकी पादत्राणे घालावीत आणि रोज रात्री तळपाय तपासावेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी कोरड्या, भुसभुशीत वाळूऐवजी पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे.

भरतीचा हिशेब

कोकणातल्या दर्यावर्दी मंडळींकडे भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. ही रीत कोकणच्या किनाऱ्याची आहे. अंदमानला ती लागू पडत नाही, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती यावी हे प्रत्येक किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली ठरवतात. मूळ तत्त्व मात्र तेच. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर. म्हणून आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. मुलांना हे काम सोपवले, तर भूगोलाचा एक धडा त्यांना जन्मभर विसरता येणार नाही.

या कागदाचा उपयोग शहीदद्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर सर्वाधिक होतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले हे छोटे बेट भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. त्याच्या किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी, रामायणातून उतरलेली. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला समुद्राने खडक पोखरून घडवलेली नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत चालत जायचे, तर ओहोटीच हवी. पाणी मागे सरले, की खडकांतील डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे आणि रंगीत मासे उघड्या डोळ्यांनी दिसतात. भरतीच्या वेळी तेथे केवळ लाटा असतात. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी चढू लागताच परत फिरावे. खडक शेवाळाने निसरडे असतात. ज्येष्ठांना तेथवर नेण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या सावलीत बसवून मुलांनी काढलेली छायाचित्रे दाखवणे शहाणपणाचे.

सर्वांत जोखमीची वीस मिनिटे

समुद्रावरची दुर्घटना बहुधा खोल पाण्यात, वादळात घडते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती निरभ्र दिवशी, कंबरभर पाण्यात, घरची सारी मंडळी किनाऱ्यावर असतानाही घडते. चित्रपटातला बुडणारा माणूस हात हलवतो, आरोळ्या देतो. खराखुरा बुडणारा जीव श्वासासाठी झगडत असतो. त्याला हाक मारण्यापुरती हवाच मिळत नाही. तो शांतपणे, उभ्याउभ्याच खाली जातो. आजूबाजूला दहा माणसे असली, तरी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष आहे.

यावरचा उपाय विनाखर्चाचा आहे. घरातल्या मोठ्यांनी पाळ्या लावाव्यात. वीस मिनिटे एकाच व्यक्तीने पहारा करावा. त्या काळात तिने मोबाइल हाती घेऊ नये, गप्पांत रमू नये, छायाचित्रे काढू नयेत. पाळी बदलताना ‘आता तुझी’ असे स्पष्ट सांगून जबाबदारी सोपवावी. लहान मुले पाण्यात असतील, तर पहारेकरी हात पोहोचेल इतक्या अंतरावर असावा. हवा भरलेली रबरी चक्रे खेळणी म्हणून ठीक; किनाऱ्याकडून वारा वाहू लागला, की ती मुलाला आत घेऊन जातात. जीवरक्षक जाकीट हाच खरा आधार. मद्यपान करून पाण्यात उतरणे तर कोणत्याही वयात घातकच.

किनाऱ्याकडे आलेले पाणी कुठे तरी वाट काढून परत जात असते. लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत, गढूळ किंवा गडद दिसत असेल, तर तो पोहण्यास सोयीचा समजू नये. बहुधा तेथूनच पाणी आत ओढले जात असते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. त्यात चांगला पोहणाराही थकतो. आधी तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. बाहेरच्यांनी पाठोपाठ उडी घेऊ नये. दोर, ट्यूब, रिकामा झाकणबंद कॅन असे तरंगणारे काही फेकावे आणि जीवरक्षकांना बोलवावे.

बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती सोडून द्यावी. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास थांबला असेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे, दुसऱ्याने ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. हे प्रशिक्षण काही तासांत मिळते. समुद्रकिनारी सहलीला निघण्यापूर्वी घरातल्या एकाने तरी ते घ्यावे.

अंदमानात आणखी एक धोका आहे, तो खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा. खारफुटीच्या खाड्यांलगत त्यांचा वावर असतो. जेथे इशाऱ्याचा फलक अथवा जाळी असेल, तेथे पलीकडे पाऊल टाकू नये. सायंकाळनंतर तर खाडीच्या मुखाशी जाऊच नये.

पाण्याखालचे गाव

अंदमानला जाऊन प्रवाळ न पाहता परतणे म्हणजे देवळात जाऊन गाभारा न पाहण्यासारखेच. स्वराजद्वीपावरचा एलिफंट किनारा, श्री विजयपुरमजवळच्या वंडूर येथून सुरू होणारे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली जॉली बॉय व रेड स्किन ही आळीपाळीने खुली होणारी बेटे, ही त्यासाठीची ठिकाणे. जॉली बॉयवर एकदा वापरून फेकण्याचे प्लास्टिक नेता येत नाही. पाण्यात उतरण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या नावा आहेत.

दगडासारखे दिसणारे प्रवाळ वस्तुतः असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि यजमानाला पोसतात. प्रवाळांचे बरेचसे रंग त्यांचेच. पाणी दीर्घकाळ प्रमाणाबाहेर तापले, की हे सहजीवन तुटते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. २०१० मध्ये अंदमानच्या प्रवाळांचे असे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले होते. त्यापूर्वी २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि तेथले काही प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर पडले. जे उरले, सावरले, त्यावर आपण पाय ठेवू नये. दम लागला म्हणून क्षणभर प्रवाळावर उभे राहणे म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ चुरडणे होय. प्रवाळाने खरचटलेली जखमही लवकर चिघळते; ती स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी. प्रवाळाचा मेलेला तुकडादेखील घरी आणणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरतो. शंकूच्या आकाराचे सुंदर शंखही उचलू नयेत. त्यांतल्या काही जिवंत गोगलगाई विषारी दंश करतात. जेलीफिशचा दंश झालाच, तर ती जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून वैद्यकीय मदत घ्यावी.

हृदयविकार, दमा, फिट्स, कानाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी पाणबुडीच्या पोशाखात खोल जाण्याचा विचार डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नये. आरोग्याविषयीच्या प्रश्नावलीत सर्व ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळे होण्याची घाई करू नये. त्या कागदावरचे खरे उत्तर आपल्याच उपयोगाचे असते. साधी सर्दी झाली असेल, तरी कानातला दाब समतोल करता येत नाही. अशा वेळी तो बेत रद्द करावा. पाण्याखाली असताना श्वास कधीही रोखून धरू नये. आणि खोल पाण्यातून बाहेर आल्यानंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण एक दिवस, विमानात बसू नये. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे विमानातील कमी दाबामुळे बुडबुडे होऊ शकतात.

दुपारची सावली, रात्रीचा अंधार

नऊ ते दोन हा वेळ रिकामा जातो, अशी खंत करू नये. राधानगरच्या किनाऱ्यामागे सी-महुआचे उंच वृक्ष दाट सावली धरून उभे असतात. २००४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने आशियातील सर्वोत्तम म्हणून गौरवलेला आणि २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालेला हा किनारा बहुतेक जण केवळ सूर्यास्ताच्या गर्दीत पाहतात. दुपारी त्याच्या सावलीत पुस्तक घेऊन बसावे, वामकुक्षी घ्यावी, आजी-आजोबांबरोबर पत्ते खेळावेत. सहलीच्या कार्यक्रमात रिकामी दुपार आवर्जून लिहून ठेवली, की मग ती कोणी बळकावत नाही.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. शहाळ्याचे पाणी उत्तम. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पहाटे आणि सायंकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात. त्यांच्या दंशाची खाज काही दिवस टिकते आणि खाजवल्यास जखम पिकते. त्या वेळी पाय झाकलेले ठेवावेत आणि थेट वाळूवर लोळू नये.

सूर्य लवकर मावळत असल्याने रात्र मोठी मिळते. अमावास्येच्या आगेमागे किनाऱ्यावर दिवे नसतील, तर आकाशगंगा स्पष्ट दिसते. स्वराजद्वीपाच्या काही किनाऱ्यांवर पाणी हाताने ढवळले, की त्यात निळसर ठिणग्या उमटतात. सूक्ष्म सागरी जीवांचा हा प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्यात फिका पडतो. म्हणूनच सहलीची तारीख ठरवताना दिनदर्शिकेतली तिथीही पाहावी.

यजमानांचे आरोग्य

अनेक सहलींत बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा असतात. त्या मार्गावरचा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. शतकानुशतके बाहेरच्या जगापासून दूर राहिलेल्या या माणसांच्या शरीराला आपल्या साध्या आजारांचीही ओळख नसते. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. १९५६ च्या संरक्षण नियमावलीनुसार त्यांच्या क्षेत्रात प्रवेश करणे गुन्हा आहे. रस्त्यावरून जाताना गाडी थांबवणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे यांनाही सक्त मनाई आहे. गुहा पाहायच्याच का, हा निर्णय कुटुंबाने एकत्र बसून घ्यावा. मुलांना त्यामागचे कारण समजावून सांगावे. ती आपल्यापेक्षा लवकर समजतात.

आराखडा आणि शिदोरी

नियमित औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि मुक्काम वाढतो. लहान बेटांवर प्राथमिक उपचारांचीच सोय असते. मोठ्या रुग्णालयासाठी श्री विजयपुरमलाच यावे लागते. बोट लागण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी प्रवासापूर्वी घ्यावी, मधल्या आसनावर बसावे आणि दृष्टी क्षितिजावर ठेवावी. किनाऱ्यावर असताना जोराचा भूकंप जाणवला, किंवा समुद्र अचानक लांबवर मागे सरला, तर पाहत उभे न राहता तत्काळ उंचावर जावे. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यावे.

पावसाळा मेपासून सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. सहा दिवस हाती असतील, तर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, मधले चार पाण्याचे आणि शेवटचा जमिनीवरचा. पाणबुडीनंतरचे बंधन त्यामुळे आपोआप पाळले जाते. तो शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी राखून ठेवावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. मराठी कुटुंबे तेथे सावरकर बंधूंची आठवण घेऊन जातात. विनायकरावांनी १९११ ते १९२१ ही वर्षे तेथे काढली. गच्चीवर चढलो, की आपण चार दिवस ज्यात खेळलो तोच निळा समुद्र समोर दिसतो. कोठडीतल्या कैद्यांसाठी तो ‘काळे पाणी’ होता. जिने चढवत नसतील, अशा ज्येष्ठांनी खालच्या अंगणातच बसावे. सायंकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम तेथूनच पाहता येतो. तो संपेल तेव्हा सूर्य मावळून बराच वेळ झालेला असेल. जेवून लवकर झोपावे. दुसऱ्या दिवशी विमान आहे.